लोककवी वामनदादा कर्डक आणि अडलेलं गाणं

मार्च महिना उजाडला की आपल्या विक्रोळीत गाणी लिहिणाऱ्यांची धांदल सुरू होते. टागोर नगर, कन्नमवार नगर, पार्कसाईट, सूर्यानगर, कुठेही जा, प्रत्येक वस्तीत दोन-चार तरी वह्या अशा आहेत की ज्यांत भीमगीतं, बुद्धगीतं लिहिलेली सापडतील. १४ एप्रिल तोंडावर आलेला असतो, गायन पार्टी मागे लागलेली असते की यंदा नवीन गाणं पाहिजे, आणि नेमकं त्याच वेळी काही म्हणता काही सुचत नाही. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा तीच लिहायची. विहारात येणारे आमचे तरुण कवी हे दुखणं वरचेवर बोलून दाखवतात. कोणी सांगतो, दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, मुलांचा अभ्यास चालू, तिथे मूड कसा लागणार? कोणी सांगतो, कंपनीची पाळी करून आलं की डोकं चालत नाही. आणि एखादा हळूच, खाली मान घालून सांगतो की आपलं शिक्षण कमी पडतं, कविता हे शिकलेल्यांचं काम.

या तक्रारी खोट्या नाहीत. पण हा शेवटचा माणूस जे बोलतो ना, ते आम्हांस सहन होत नाही. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत लोककवी वामनदादा कर्डक यांचं जीवन थोडक्यात मांडावं असं आम्ही ठरवलं. दादांचं नाव सर्वांना माहीत आहे, गाणी तर तोंडपाठ आहेत. पण वयाच्या विशीपर्यंत या माणसाला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. वडील तबाजी, आई सईबाई. घर गरिबीचं. वडिलांचं छत्र लवकर हरपलं. शाळेचं तोंड पाहणं नशिबी आलं नाही. गुरं, रान, लाकूडफाटा यातच बालपण गेलं. मात्र त्या मुलखात कानावर पडायला काय कमी होतं? जात्यावरच्या ओव्या, रात्रीची भजनं, जत्रेतला तमाशा. पाटी-पेन्सिल मिळाली नाही तरी चाल आणि ठेका हे दोन्ही फुकट मिळाले, आणि ते पोराने घेतले.

काळही कसा होता बघा. वामन सात वर्षांचा असताना, २ मार्च १९३० रोजी, त्याच जिल्ह्यात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेरा वर्षांचा असताना, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या मातीत तेव्हा आंबेडकरी जलसेही उभे राहिले होते. त्यातले एक मोठे नाव शाहीर भीमराव कर्डक. आडनाव एकच असल्यामुळे लोक अजूनही घोटाळा करतात, म्हणून सांगून ठेवतो, भीमराव कर्डक वेगळे, वामनदादा वेगळे. भीमराव वयाने आणि कामाने वडीलधारे.

पुढे पोटासाठी मायलेकरं मुंबईला आली. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत बिऱ्हाड. आई गिरणीत जायची. तरुण वामन कोळशाच्या वखारीपासून मिळेल ते काम करीत होता. डोक्यात मात्र सिनेमाचं वेड. आपण नट व्हावं म्हणून स्टुडिओच्या दारात खेटे घालायचे, गर्दीतल्या माणसाचं काम मिळालं तरी खूश व्हायचं. याच दिवसांत ते समता सैनिक दलात आले.

आणि याच चाळीत तो प्रसंग घडला, जो दादांच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा आहे असं आम्ही मानतो. कोणीतरी एक पत्र घेऊन आलं आणि म्हणालं की एवढं वाचून दाखवा. दिसायला ऐटबाज तरुण, दलाचा कार्यकर्ता, त्याला वाचता येत नसेल अशी शंका कोणाला येणार? पण पत्र हातात घेऊन वामनरावांना गप्प बसावं लागलं. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पाण्यावर गोष्ट संपली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवायला घेतली. जोडाक्षरं मात्र कोणी शिकवली नाहीत, ती त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत उलगडली. एक पाटी अडली की उभं राहायचं, अक्षराला अक्षर जोडायचं, जमलं की पुढे. विशीतला बाप्या माणूस फुटपाथवर उभा राहून पाटी वाचतोय, हे चित्र आमच्या तरुण कवींनी डोळ्यांसमोर आणावं.

दादांचं पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. म्हणजे वय वर्षं वीस, महिने आठ. आता हे पहिलं गाणं कोणतं असेल? क्रांतीचं? बुद्धाचं? नाही. ते एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन होतं. चार माणसांना हसवायला केलेलं. लोकांना ते आवडलं, आणि आपल्याला हे जमतं असं त्या तरुणाला वाटलं, एवढंच.

इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण अडलेल्या गाण्याचं मर्म आम्हांला इथेच दिसतं. कोरा कागद भीती घालतो तो कशामुळे? काय लिहायचं, कुठून सुरू करायचं, ओळ किती लांब, यमक कुठे, सगळंच मोकळं असतं म्हणून. एकदा चाल धरली की निम्मा प्रश्न सुटतो. केरवा असेल तर आठ मात्रा, दादरा असेल तर सहा. ओळीचं माप ठरलं. ध्रुवपद कुठे परत येणार ते ठरलं. अंतऱ्याची शेवटची ओळ कोणत्या अक्षरावर उतरली पाहिजे तेही ठरलं. उरलं काय, तर आपल्याला सांगायचंय काय तेवढं. ज्याला लिहिता येत नव्हतं, जो मनातल्या मनात जुळवीत होता, त्याला तर या मापाशिवाय ओळ लक्षातच राहिली नसती. तेव्हा दुसऱ्याच्या चालीवर लिहिणं म्हणजे कमीपणा असं जे कोणी नाक मुरडून सांगतात, त्यांनी दादांचा हा पहिला दिवस आठवावा. पुढे लावणी, कव्वाली, गझल, पाळणा, पोवाडा असे किती प्रकार त्यांनी हाताळले! पण दार उघडलं ते उसन्या चालीने.

या उपायाला एक खोडही आहे. चाल आपल्याबरोबर ठरलेली यमकं ओढून आणते. छाया, माया, काया, पाया, आणि चौथ्या ओळीला भीमराया. दरवर्षी आम्ही ही गाणी ऐकतो. ऐकताना वाईट वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. यालाही आम्ही अडलेलं गाणंच म्हणतो. लेखणी चालते आहे, मन मात्र जागचं हललेलं नाही. दादा यातून कसे सुटले ते पुढच्या जीवनात दिसतं.

त्याच १९४३ साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिलं. त्याआधी लिहायला विषय म्हणजे गंमत होती. त्यानंतर विषय बदलला. सिनेमात नट होण्याचं वेड ओसरलं आणि समोरची माणसं दिसू लागली. प्रेरणा प्रेरणा म्हणून आपण जिची वाट बघतो, ती दादांना कुठल्या डोंगरावर एकांतात भेटली नाही, ती सभेच्या गर्दीत भेटली. बाबासाहेबांच्या भाषणातला विचार सभेला न आलेल्या माणसापर्यंत, शेतावरच्या बाईपर्यंत कसा पोचवायचा, हे काम हाती आलं. काम हाती आलं की मूडची वाट कोण बघतो?

इथे आपल्या धम्मातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भगवंतांच्या भिक्खू संघात वंगीस नावाचे एक थेर होते. आयत्या वेळी काव्य स्फुरणाऱ्यांमध्ये ते अग्र, असं भगवंतांनीच सांगितलं आहे. संयुत्त निकायात त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. ते नवखे भिक्खू असताना आळवी इथल्या अग्गाळव चैत्यात उपाध्यायांसोबत राहत होते. एकदा विहार सांभाळायला त्यांना मागे ठेवलं होतं. विहार बघायला नटूनथटून स्त्रिया आल्या आणि या तरुण भिक्खूचं मन विचलित झालं, धम्मजीवनाचा कंटाळा आला. आपला हा कंटाळा घालवायला दुसरा कोण येणार, आपणच घालवायचा, असा विचार करून त्यांनी मन सावरलं, आणि तीच अवस्था त्यांच्या गाथेचा विषय झाली. म्हणजे मन जिथे अडलं तिथूनच गाथा निघाली. पुढे आपल्याला झटपट काव्य स्फुरतं याचा त्यांना गर्व झाला, इतर भिक्खूंना ते कमी लेखू लागले. मग त्या गर्वावरही त्यांनी स्वतःला फटकारणारी गाथा रचली. आणि एकदा जेतवनात साडेबाराशे भिक्खू बसले असताना त्यांनी भगवंतांची स्तुती गायिली, तेव्हा हे आधी जुळवून आणलंस की आत्ताच स्फुरलं, अशी विचारणा भगवंतांनी केली. आत्ताच स्फुरलं म्हटल्यावर आणखी होऊ दे, अशी मुभा दिली.

अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकारही सांगितले आहेत. चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. विचार करकरून रचणारा तो पहिला, ऐकलेल्यावरून रचणारा तो दुसरा, एखादा अर्थ, एखादी बाब धरून रचणारा तो तिसरा, आणि जागच्या जागी स्फुरणारा तो चौथा. आपली पोरं काय करतात? चौथा प्रकार तोच खरा असं धरून बसतात आणि स्फुरलं नाही की वही मिटतात. बाकीचे तीन दरवाजे उघडे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. वामनदादा निरक्षर असताना सुतकवी होते, बाबासाहेबांना ऐकल्यावर अत्थकवी झाले, आणि चाळीस-पन्नास वर्षं रोजच्या रोज गात राहिल्यावर पटिभान आपसूक आलं. हा आमचा समज आहे, शास्त्र नव्हे. पण दादांचं जीवन बघता तो फारसा चुकीचा नसावा.

घरचं सुख मात्र दादांना फार लाभलं नाही. पहिलं लग्न तरुणपणीच झालं होतं. तो संसार टिकला नाही. मीरा नावाची लहानगी मुलगी आजारात गेली. असं दुःख आलं की माणूस मुका होतो, आणि झाला तर त्यात नवल नाही. पुढे शांताबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. पण दादांचं खरं बिऱ्हाड म्हणजे रस्ता. नोकरीत जीव रमला नाही. आज या गावाला, उद्या त्या गावाला, मिळेल तिथे भाकरी, समाजमंदिरात नाहीतर कोणाच्या ओट्यावर मुक्काम. महाराष्ट्राचे जिल्हेच्या जिल्हे त्यांनी पालथे घातले.

या भटकंतीने गाण्याला काय दिलं? आमच्या मते सगळं. घरात बसून भीमगीत लिहिणाऱ्याला छाया-माया सुचते. दहा गावं फिरून आलेल्याला कोणाची विहीर कुठे आटली, सालदाराला काय मिळतं, पुढाऱ्यांची दुफळी गावात कशी उतरली, ते दिसलेलं असतं. दादांनी बुद्ध गायिले, बाबासाहेब गायिले, रमाई गायिली, पण मजूरही गायिला. बड्या भांडवलवाल्यांना नावानिशी विचारलं की या देशाच्या धनात आमचा वाटा कुठे आहे. ते गाणं अख्खं प्रश्नाच्या रूपात आहे. नाक्यावर उभा राहून कामगार जसा विचारील तसं. कंपन्यांच्या या विक्रोळीत ते गाणं लागलं की पाळीवरून आलेला माणूस जिना चढता चढता थांबतो, हे आम्ही पाहिलेलं आहे. ध्रुवपद सुचत नसेल तर मनातला एक खरा प्रश्न जसा बोलतो तसाच कागदावर उतरवावा, हा धडा आम्ही विहारातल्या पोरांना याच गाण्यावरून देतो.

आणखी एक. दादांपुढे नेहमी तारीख असायची आणि समोर माणसं असायची. रात्री कार्यक्रम म्हणजे रात्री कार्यक्रम. गाणं पडलं तर तिथेच कळणार, वर आलं तर तिथेच कळणार. पडलेलं गाणं घेऊन रुसून बसायला वेळच नसायचा, दुसऱ्या रात्री दुसरं गाव वाट बघत असायचं. त्यांनी हजारो गाणी लिहिली. ती सगळीच उत्तम आहेत असं कोणी म्हणू नये, आणि दादांच्या मोठेपणाला त्याने काही उणेपणाही येत नाही. काही त्या रात्रीपुरतीच होती. पण ती शंभर लिहिली म्हणून ते एक आलं, जे आज घराघरात आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्या दिवसापर्यंत जलशांचं, शाहिरांचं काम होतं लोकांना बाबासाहेबांकडे आणण्याचं. आता ज्यांच्याकडे आणायचं तेच नव्हते. शब्द थिजावेत असेच ते दिवस. तिथून पुढे गाण्याला आठवण जागी ठेवण्याचं, नव्या धम्माची ओळख घरोघर करून देण्याचं आणि फुटलेल्यांना खडसावण्याचं, असं तिहेरी काम आलं. वामनदादा त्या कामाला पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पुरले.

सिनेमानेही त्यांना बोलावलं. अनंत माने यांच्या १९५९ सालच्या सांगत्ये ऐका या गाजलेल्या चित्रपटात दादांचं गाणं आहे. तिथे राहते तर चार पैसे गाठीला लागले असते. ते परत आपल्या स्टेजवर आले. गाणी पुस्तकात यायला मात्र फार उशीर लागला. वाटचाल हा संग्रह १९७३ साली निघाला, मोहळ १९७६ साली आणि हे गीत वामनाचे १९७७ साली. म्हणजे पहिलं गाणं रचल्यावर पहिलं पुस्तक हातात यायला तीस वर्षं! माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मकथन १९९६ सालचं. १९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद दादांना देण्यात आलं. पत्र वाचता न आल्याने रडलेला माणूस साहित्यिकांच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला. आपल्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहून गेलेले अण्णाभाऊ साठे यांचीही शाळा दीड दिवसाची. तेव्हा ज्याला आपलं शिक्षण कमी वाटतं, त्याने हे दोन पत्ते लक्षात ठेवावेत, शिवडीची चाळ आणि चिरागनगरची झोपडी. दुसरा पत्ता तर आपल्या विक्रोळीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

१५ मे २००४ रोजी नाशिकला दादांचं निधन झालं. त्यांच्यापाठोपाठ महिना-सव्वा महिन्यात, २३ जूनला, गायक प्रल्हाद शिंदे गेले. लिहिणारा आणि गाणारा असे दोन मोठे आवाज एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात थांबले. २०२२ साली दादांची जन्मशताब्दी झाली.

आज दादांची गाणी मोबाईलवर आहेत, डीजेवर आहेत, मिरवणुकीत आहेत. पण लिहिणाऱ्याचं नाव पुष्कळदा कुठेच नसतं. दादांनी याची सोय करून ठेवली होती. संतांच्या अभंगात असते तशी नाममुद्रा त्यांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात येते, वामन म्हणून. पण गाणं लांबतंय म्हणून गायक नेमकं तेच कडवं गाळतात. आपल्या विहाराच्या कार्यक्रमात यापुढे दादांचं कोणतंही गाणं घेतलं तर शेवटच्या कडव्यासकट पूर्ण म्हणायचं, असं आम्ही गायन पार्टीला सांगितलेलं आहे. वेळ कमी पडला तर मधलं एक कडवं सोडावं. आणि नवीन लिहिणाऱ्यांनी आपली वही दर रविवारी वंदनेनंतर घेऊन यावं. गाणं अर्धं असलं तरी चालेल, पेटी-तबला विहारात आहे.